नवी गाडी, जुनी गाडी आणि आवडाबाई

॥ श्री ॥

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नानांस,
राजनंदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही म्हणाल, आज हे पत्र कुठून उगवलं. पण फोनवर तुमच्याशी बोलण्यात आता अर्थ राहिलेला नाही. मागच्या आठवड्यात मी विचारलं की कानाचं मशीन लावता का, तर तुम्ही आनंदाने सांगितलंत की व्हय, तूर बरी झाली यंदा. आणि फोन आईकडे गेला की ती सगळं बरं आहे एवढंच सांगते आणि ठेवून देते. तिला फणफणून ताप आलेला असला तरी सगळं बरंच असतं. तुमची नजर अजून शाबूत आहे, तेव्हा चष्मा लावा आणि निवांत वाचा.

बातमी अशी की आम्ही गाडी घेतोय. स्कूटरवरून शाळेत जाता-येता जळगाव रोडची इतकी धूळ पोटात गेलीय की बास. मी गाडी चालवायला शिकले, लायसन्सही आलं. तुमच्या जावयांनी पहिल्या दिवशी शेजारी बसून डोळे मिटून घेतले होते, आता उघडे ठेवतात.

घोडं अडलंय ते निवडीवर. आमच्या ऐपतीत दोनच गोष्टी बसतात. एक शोरूममधली कोरी गाडी, पण सगळ्यात खालच्या मॉडेलची. चार चाकं, स्टिअरिंग, जेमतेम एसी, की संपलं. गाणी नाहीत, मागचं दाखवणारा कॅमेरा नाही, काचासुद्धा हातानं दांडी फिरवून खाली करायच्या. दुसरी पाच वर्षं वापरलेली, पण वरच्या मॉडेलची. तिच्यात कॅमेरा आहे, मागच्या सीटलाही गार हवा आहे, सीट तर आपल्या दिवाणाहून मऊ. तुमचा जावई सोमनाथ म्हणतो की जुनी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्यानं लावलेल्या खोडी आपण विकत घेणं. मला जुनीच हवी आहे.

का, ते फक्त तुम्हाला सांगते. आईसाठी. दोन वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला ती निघाली, घाटातच तिला गाडी लागली, आणि सिल्लोडला उतरून पदरानं तोंड पुसत माघारी गेली. तेव्हापासून ती कुठंच निघाली नाही. माझं घर तिनं फोटोत पाहिलंय. माझ्या आईनं माझ्या ओट्यावर अजून एक कप चहा केलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं, नाना. गार हवेच्या, धक्के न बसणाऱ्या गाडीत तिला त्रास होणार नाही असं मला वाटतं.

तुमचा सल्ला कळवा. आणि आईला यातलं काही सांगू नका, नाहीतर ती आतापासूनच घाबरून बसेल.

कळावे. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर यावं.

तुमची,
नंदा

॥ श्री ॥

सोयगाव
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस,
नानासाहेबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, मुलांच्या वह्या तपासून तपासून असेल.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. तुझ्या आईला सगळं कळलं. मी ओसरीवर बसून पत्र मनातल्या मनात वाचत होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं. कान गेल्यापासून मनातलं कुठलं आणि मोठ्यानं कुठलं, याचा मला अंदाज येत नाही. पत्र संपवून वर पाहिलं तर तुझी आई हातातलं सूप तसंच धरून समोर उभी. पलीकडून दूधवाल्या सांडूनं ओरडून विचारलं की गाडीचा रंग कोणता ठरला. तेव्हा आता सोयगावात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझी आई म्हणाली की गाडी तुमच्या सोयीची घ्या, माझ्या नावानं घेऊ नका, मला काय त्यात बसणं व्हायचं नाय. आणि आत निघून गेली. संध्याकाळी भाकरी वाढताना मात्र तिनं दोनदा विचारलं की काचेची ती दांडी कोणत्या अंगाला असते. मी सांगितलं की मी काय शोरूम उघडलंय का.

आता माझं मत. कोरी गाडी घे. मी जन्मात एवढी जनावरं घेतली, बाजारात दात बघितले, खूर बघितले, पाठीवर थाप मारून बघितली; पण सगळ्यात आधी विचारलं ते हे, की बाबा, का विकतोस. चांगला चालणारा बैल कुणी उगाच दावणीचा सोडत नाही. तुझ्या त्या गाडीवाल्याला हे विचारलंस का? मॉडेल वरचं असो की खालचं, गाडीचा स्वभाव मालकावर जातो.

तरी तुझा जीव तिच्यातच अडकला असेल तर एक कर. बैल घेण्याआधी आपण दिवसभर औताला जुंपून बघतो. तशी ही गाडी इकडं आण आणि आम्हा दोघांना बसवून घाट चढवून दाखव. अजिंठ्यापर्यंत जाऊन परत आलो की दूध का दूध होईल. तुझ्या आईला मी तयार करतो. कसं करतो ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांचं माझ्याशी पटतं हे वाचून बरं वाटलं.

कळावे. आशीर्वादाला खंड नाही, तुझ्या पत्रालाही नसावा.

तुझा,
नाना

॥ श्री ॥

हर्सूल
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नानांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण हातात सूप घेतलेली आई आणि ओरडणारा सांडू डोळ्यांपुढं आला आणि मी आणि सोमनाथ पोट धरून हसलो. असो. झालं ते झालं.

तुमचा प्रश्न मी गाडीच्या मालकांना विचारला. त्यांचं नाव हेमचंद्र, कोर्टातून निवृत्त झालेत, सिडकोत राहतात. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि यमुनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जाहीर केलंय की हे चालवणार असतील तर मी गाडीत पाय ठेवणार नाही. विकण्याचं कारण एवढंच. गाडीत काही खोट नाही, उलट लाडच फार झालेत. पाच वर्षं झाली तरी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलेलं नाही. बसलं की कुरकुर वाजतं. आरशाखाली मोगऱ्याच्या अत्तराची बाटली टांगलीय, ती दर महिन्याला नवी. सोमनाथ बाहेर येऊन म्हणाला की गाडी आहे की गंधाचं दुकान.

आपण गाडी बघायला गेलो होतो असं मला वाटत होतं, पण मुलाखत माझीच झाली. कुठं शिकवते, गाडी कुठं उभी करणार, वर सावली आहे का, रोज पुसणार कोण. सोमनाथ कामाला गेला की मी पुसणार असं म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली. सिडकोतल्याच कॅनॉटच्या गल्ल्यांमधून मी फेरी मारली. काय सांगू, नाना! मागं कुत्रं आलं तरी गाडी आधीच पिपाणी वाजवून सांगते.

नंतर सोमनाथच्या आग्रहाने शोरूमही पाहिलं. मिहिर नावाच्या मुलानं गाडी दाखवली. खालचं मॉडेल म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा पडलाच. पण मुलगा गुणी. दांडी फिरवून काच खाली-वर करून दाखवली आणि म्हणाला की मॅडम, यात बिघडण्यासारखं काहीच नाही. सोमनाथला हे वाक्य इतकं आवडलंय की तो ते भाजीवाल्यालाही ऐकवतो.

तर रविवार, दोन मार्चला मी हेमचंद्रकाकांची गाडी घेऊन सोयगावला येते. सोमनाथला कंपनीत ड्यूटी आहे. काका मात्र स्वतः सोबत येणार, गाडी एकटी पाठवायला त्यांचं मन होत नाही. आईला म्हणावं, घाबरू नकोस. तिची नंदाच चालवणार आहे.

कळावे. लोभ असू द्या, आणि हे पत्र तरी कृपा करून ओठ मिटून वाचा.

तुमची,
नंदा

॥ श्री ॥

सोयगाव
बुधवार, ५ मार्च २०२५

चि. नंदास,
आईचे आशीर्वाद.

तू रविवारी गेलीस तेव्हापासून डोळ्यांपुढून तुझा चेहरा हलत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पत्र लिहायची सवय नाही. पण फोनवर मला रडू येईल म्हणून लिहिते.

मी खूप ठरवलं होतं गं. सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. गाडी मऊ होती, गार होती, तू किती सांभाळून चालवत होतीस. पण तो मोगरा डोक्यात गेला. घाट सुरू झाला आणि मी दाराला दांडी शोधायला लागले. पुढं शोधली, मागं शोधली, सीटखाली हात घालून बघितला. एक बटण सापडलं ते दाबलं तर काही झालं नाही. पुढं तुझ्या शेजारी हेमचंद्रभाऊ बसलेले. परक्या मोठ्या माणसाच्या गाडीत, त्यांच्या पाठीमागून, काच खाली करा असं कोणत्या तोंडानं म्हणू? आणि तुझ्या नानांना कोपरानं ढोसलं तर ते म्हणाले की व्हय, घाट लई सुंदर आहे.

पुढचं तू पाहिलंसच. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण नंदा, माणूस मोठ्या मनाचा हो तो. खाली उतरून स्वतः प्लास्टिक काढलं, गुंडाळलं, आणि म्हणाले की वहिनी, या प्लास्टिकवरून घरात पाच वर्षं माझी टिंगल चाललीय, आज तुमच्यामुळे माझी बाजू खरी ठरली. यमुनाबाईंना माझा नमस्कार सांग.

आता माझं ऐक. माझ्यासाठी म्हणून कोणतीही गाडी घेऊ नकोस. माझ्या नशिबात प्रवास नाही. मला तुझं घर बघायचं नाही असं मात्र समजू नकोस. भाकरी थापताना रोज मनात येतं, नंदाच्या ओट्याला उजेड कुठून येत असेल, डबे कुठं ठेवत असेल. एवढंच.

जावईबापूंना सांग की सासूनं तुमची फजिती केली नाही, दुसऱ्याची केली.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. हे नाना लिहितोय. रडून झालं, आता कामाचं बोलतो. तुझ्या आईनं त्या गाडीत पुन्हा पाय ठेवायला नकार दिला आणि आम्ही सांडूच्या दुधाच्या टेम्पोतून घरी आलो, हे तुला माहीत आहे. पण पुढची गंमत तुला माहीत नाही. केबिनमध्ये एकाचीच जागा, म्हणून तिला सांडूशेजारी बसवलं आणि मी मागं रिकाम्या कॅनांच्या मधे बसलो. घाट उतरेपर्यंत माझं डोकं गरगरायला लागलं, पोटात ढवळलं, आणि ही बाई पुढं सांडूशी त्याच्या म्हशींवर गप्पा मारत टवटवीत! घरी उतरून लगेच चुलीपाशी गेली. यावरून मी असं ठरवलंय की तिला साधं वाहन मानवतं आणि थाटाचं लागतं. तेव्हा खालच्या मॉडेलची कोरी गाडी घे. नाहीतर सरळ टेम्पो घे.

॥ श्री ॥

हर्सूल
मंगळवार, १ एप्रिल २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
नंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

नानांच्या संशोधनावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा झाली. सोमनाथने ते ता. क. मला तीनदा वाचायला लावलं, आणि नानांचं डोकं गरगरलं ती ओळ आली की प्रत्येक वेळी विचारात पडला. काय विचार करतो ते सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाला, सासरेबुवा उगीच कॅनांच्या मधे बसले नाहीत.

पण नानांचं खरं-खोटं काही असो, तू दांडी शोधत होतीस हे वाचून माझाच निश्चय बदलला. मी पुढं बसून गार हवा सोडत राहिले, आणि मागं माझी आई दाराला चाचपडत होती. तेव्हा पाडव्याला आपल्या दारात कोरी गाडी आली आहे. पांढरी, खालच्या मॉडेलची, चारही दारांना दांड्या. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, मिहिरनं फोटो काढला. हेमचंद्रकाकांना सांगायला गेले तर ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले की बरं झालं, मलाही गाडी नजरेआड करवत नव्हती. ती आता त्यांचा भाचा घेतोय, आणि यमुनाबाईंनी उरलेलं प्लास्टिक फाडून टाकलं.

कॅमेऱ्याची उणीव तेवढी जाणवते. गाडी मागं घ्यायची तर सोमनाथ खाली उतरतो आणि येऊ दे, येऊ दे करत हात हलवतो. काल येऊ दे म्हणता म्हणता त्यानंच मला शेजाऱ्यांच्या तुळशीवर घातलं. कुंडी वाचली, कॅमेऱ्याची नोकरी धोक्यात आहे.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी रामनवमी आहे. आम्ही दोघं येतो आणि तुला घेऊन जातो. नानांचा गहू काढणीला आलाय, त्यामुळे त्यांना यायला जमणार नाही, हे मला माहीत आहे. तू एकटी ये. नाही म्हणू नकोस. त्या दिवशी झालं त्याची तुला लाज वाटते, पण मला फक्त एवढंच आठवतं की तू माझ्यासाठी उपाशीपोटी निघाली होतीस. गाडीत बसून मी गावभर हिंडेन, पण तू माझ्या घरी आली नाहीस तर गाडी घेतल्याचा आनंद मला व्हायचा नाही.

वाटेत नकोसं झालं तर जिथं म्हणशील तिथून परत फिरू. शपथ.

कळावे. लोभ तर तुझ्याकडूनच शिकले, तो वाढवायला स्वतः ये.

तुझी,
नंदा

॥ श्री ॥

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, ९ एप्रिल २०२५

श्री. नानासाहेब यांस,
आवडाबाईचा नमस्कार.

वरचं गावाचं नाव नीट वाचलंत ना? मी पोचले. फोनवर नंदानं तुम्हाला ओरडून सांगितलं, पण तुम्ही गव्हाचा भाव सांगितलात, म्हणून लिहिते. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली आणि तुम्हाला हे माझं पहिलं पत्र. कधी लिहिण्याची वेळच आली नाही. मी तुम्हाला सोडून कुठं गेले होते?

तुम्ही हात हलवून शेताकडं वळलात तेव्हा मी मागच्या सीटवर होते, कुरडयांच्या पिशव्या मांडीवर. जावईबापू पुढं, नंदाच्या शेजारी. रीतच आहे ती. मी दांडी फिरवून काच पुरी खाली केली, वारा आला, बरं वाटलं. पण नव्या गाडीचा तो वास, आणि फर्दापूरपर्यंत पोटात पुन्हा तेच. घाट समोर दिसला आणि मी मनाशी म्हटलं की आवडे, हे काही तुझ्यानं व्हायचं नाही. नंदाला थांबायला सांगितलं. तिनं लगेच गाडी बाजूला घेतली. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोर घाटाकडं बघत होती. पोरीचे डोळे भरले होते.

तेवढ्यात जावईबापू डोकं धरून खाली उतरले. म्हणाले की आई, कुणाला सांगू नका, पण घाटात गाडी मलाच लागते. पुढं बसलं की वळणं दिसतात आणि जीव घाबरतो. मला मागं जरा आडवं पडू द्याल का? आता आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? एरवी जावई मागं आणि सासू पुढं, असं मी मेले तरी केलं नसतं. पण त्यांचा चेहरा बघून मी गुपचूप पुढं जाऊन बसले. माझी पिशवीसुद्धा त्यांच्यापाशीच राहिली.

आणि काय सांगू तुम्हाला! घाट गेला. अजिंठा गेलं. मी वाट बघत होते की आता मळमळेल, मग मळमळेल. सिल्लोड आलं. ज्या स्टँडवर मी दोन वर्षांपूर्वी रडत उतरले होते तिथंच थांबून मी दोन ग्लास उसाचा रस प्यायले. रस्ता पुढून असा उलगडत येतो, वळण आधी दिसतं, मग अंग त्या बाजूला आपणच झुकतं. मला वाटायचं रस्ता म्हणजे पुढच्या माणसाची मान आणि खिडकीतून पळणारी झाडं.

फुलंब्रीच्या पुढं मी आरशात सहज बघितलं. जावईबापू मागं ऐसपैस बसून, मी नंदासाठी आणलेल्या भाजक्या शेंगा फोडत होते. चांगले हसत होते स्वतःशी. मी बघितलंय हे त्यांना कळू दिलं नाही. एवढ्या मायेनं बोललेलं खोटं मी कशाला उघडं पाडू? नंदाला पण माहीत आहे, पण तीही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. आणि हे पत्र ओसरीवर वाचू नका, आतल्या खोलीत जा.

घर चांगलं आहे. ओट्याच्या उजव्या हाताला खिडकी आहे, तिथून हर्सूलच्या तळ्याचं थोडं पाणी दिसतं. फोटोत ते कुणीच काढलं नव्हतं. आल्या आल्या मी चहा टाकला. नंदा मला बसू देईना आणि मी तिला उठू देईना. शेवटी दोघी ओट्यापाशी उभ्या राहूनच प्यायलो, आणि ती लहानपणी रडायची तशी रडली. मग मी तिचे डबे लावून दिले. सगळे चुकीच्या जागी होते.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. जीप असो, लग्नाचं वऱ्हाड असो, पुढची जागा मानाची. तिथं तुम्ही, नाहीतर तुमचे भाऊ, नाहीतर व्याही. तुम्हाला तिथं बसवायला पहिली मीच पुढं व्हायची. कुणाच्याच मनात काही नव्हतं. गाडी नवी का जुनी, यावर तुम्ही बापलेकींनी एवढी पत्रं लिहिली. माझं दुखणं गाडीत नव्हतंच.

म्हशीला वेळेवर पाणी दाखवा. सांडूच्या बायकोला भाकरीचं सांगून ठेवलंय. वैशाख लागेपर्यंत मी काही येत नाही. नंदानं मला लेणी दाखवायचं ठरवलंय, दौलताबाद दाखवायचं ठरवलंय, आणि मी सगळ्याला हो म्हटलंय.

गहू घरात आला की मला न्यायला या. मात्र येताना मागच्या सीटवर बसायची तयारी करून या.

कळावे. लोभ इतकी वर्षं न लिहिता होता, आता लिहूनही राहावा.

तुमची,
आवडा